कृष्णाकाठची पच्चडी

मुलांनो, दक्षिणेकडची चटणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? हॉटेलातली ती पांढरीशुभ्र, पातळ, खोबऱ्याची चटणी! इडलीशेजारी वाटीत तरंगणारी, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. बरोबर ना? पण दक्षिणेत एक मोठा मुलूख असा आहे, की तिथे चटणी म्हणजे आधी भाजी. वांग्याची चटणी, तोंडल्याची चटणी, दुधीची चटणी, अंबाडीची चटणी, आणि चक्क दोडक्याच्या सालींची चटणी! तो मुलूख म्हणजे आंध्र प्रदेश. चटणीला तिथे म्हणतात पच्चडी.

आम्ही सोलापूरकर. आमच्या गावात तेलुगू बोलणारी मंडळी पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी तेलंगणातून हातमागावर विणकाम करायला आली आणि इथलीच झाली. आमच्या शाळेतल्या एक बाई त्यांतल्याच. वर्गात मराठी शिकवतात, घरी तेलुगू बोलतात. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, आंध्रात तेनालीच्या पलीकडे एका खेड्यात दिलंय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाई तिकडे निघाल्या तेव्हा मी आणि माझी सहावीतली भाची त्यांच्याबरोबर गेलो.

सोलापूरला रात्री कोणार्क एक्स्प्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी विजयवाडा येतं. झोपेत कर्नाटक मागे पडतं, पहाटे सिकंदराबाद, मग वरंगळ, मग खम्मम. एका प्रवासात चार राज्यं! विजयवाड्याला गाडी बदलून तेनालीची गाडी धरली. स्टेशन सुटलं आणि लगेच पूल लागला. खाली अफाट पाणी.

"मावशी, ही कुठली नदी?"

"ओळख बघू! तुझ्या ओळखीची आहे."

तिला काही सांगता येईना. ती होती कृष्णा. आपल्या महाबळेश्वरला उगम पावणारी, वाई-सांगलीवरून जाणारी तीच कृष्णा. आणि पंढरपूरची चंद्रभागा? चंद्रभागा म्हणजे भीमाच की. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणं ओलांडून ते पाणी विजयवाड्याला येतं. भाची खिडकीला नाक लावून म्हणाली, "म्हणजे पंढरपूरचं पाणी आपल्याआधीच इथं येऊन बसलंय!"

पुलावरून वरच्या अंगाला प्रकाशम बंधारा दिसतो. सुमारे सव्वा किलोमीटर लांब. नदी इथे अडवण्याचं काम पहिल्यांदा इंग्रजांच्या काळात, १८५५ साली पुरं झालं. आत्ताचा बंधारा १९५७ सालचा. त्यातून दोन्ही बाजूंना कालवे निघतात आणि समुद्रापर्यंत भातशेतीला पाणी पुरवतात. तेनाली गावातून तर कालवेच कालवे वाहतात. हो, तेच तेनाली! कृष्णदेवरायाच्या दरबारातल्या चतुर तेनाली रामनचं नाव ज्या गावाशी जोडलेलं आहे, ते.

तेनालीच्या बाजारात आमची मोठी करमणूक झाली. भाचीने जांभळ्या वांग्यांकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

भाजीवाली म्हणाली, "वंकाय."

"आणि हे काय?"

"दोंडकाय."

"मग हे काय?"

"बीरकाय."

भाची रागावली. "मावशी, ही बाई माझीच नक्कल करतीय! मी 'काय' विचारते आणि ती पण 'काय' म्हणते!"

आम्ही हसून हसून बेजार. तेलुगूत 'काय' म्हणजे कच्चं फळ, शेंग, फळभाजी. वंकाय म्हणजे वांगं. बीरकाय म्हणजे दोडका. कोकणातली मंडळी त्याला शिराळं म्हणतात. आणि गंमत ऐका, दोंडकाय म्हणजे दोडका नव्हे बरं का, तर तोंडलं! दोन भाषा शेजारी राहिल्या की शब्द असे लपंडाव खेळतात.

अक्कांचं गाव तेनालीहून रेपल्लेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना पिकत आलेला भात, मधून मधून ताडाची झाडं. हवेत खारटपणा, कारण समुद्र फार लांब नाही. दारात अक्कांच्या सासूबाई उभ्या होत्या. घरातली नातवंडं त्यांना नानम्मा म्हणतात. वडिलांची आई ती नानम्मा आणि आईची आई ती अम्मम्मा. आपल्याकडे दोघीही आजीच, त्यांच्याकडे शब्दावरूनच कळतं कोणती आजी! मी शिक्षिका आहे हे कळल्यावर नानम्मांनी मला 'टीचरम्मा' करून टाकलं. त्या तेलुगूत बोलायच्या आणि बाई मराठीत सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दोडके सोलायला बसल्या. दोडक्याच्या उभ्या शिरा आणि साल विळीवर निघत होती, बाजूला हिरवा ढीग वाढत होता. आपण मदत करावी म्हणून भाचीने तो ढीग ताटलीत भरला आणि मागच्या दारी बांधलेल्या म्हशीकडे निघाली.

"वद्दु! वद्दु!"

नानम्मांनी उठून तिचा हातच धरला. वद्दु म्हणजे नको. भाची घाबरली. नानम्मांनी ताटली काढून घेतली, एक साल नाही दोन साली खाली पडल्या होत्या त्याही उचलल्या. मग तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "म्हशीला गवत आहे, राणी. हे आपलं जेवण आहे."

त्या घरात दोडक्याची वाटणी ठरलेली. गर जातो पप्पूत. पप्पू म्हणजे आपलं घट्ट वरण. आणि साल जाते पच्चडीत. तिला म्हणतात तोक्कु पच्चडी. तोक्कु म्हणजे साल.

मागच्या पडवीत दगडी उखळ होतं. काळ्या दगडाचं, गुडघ्याएवढं उंच, मधला खळगा वापरून वापरून आरशासारखा गुळगुळीत झालेला. त्याला म्हणतात रोलु. रोलुत कुटलेली पच्चडी ती 'रोटी पच्चडी'. भाची लगेच म्हणाली, "म्हणजे पोळीशी खायची ना?" नाही, मुलांनो! तेलुगूत 'रोलु'चं 'रोटी' होतं. जसं आपल्याकडे 'पाणी'चं 'पाण्याची' होतं. रोटी पच्चडी म्हणजे उखळातली चटणी. पोळीचा संबंध नाही!

नानम्मा पाटावर बसल्या. कढईत आधी मिरच्या तेलावर परतल्या होत्या, मग तीळ-जिरं कोरडंच भाजलं होतं, मग साली. साली मंद आचेवर चांगल्या पंधरा मिनिटं परतल्या. त्यांचा कच्चा हिरवा वास गेला, कडा तांबूस झाल्या. शेवटी थोड्या गराच्या फोडी. त्यांत पाणी घालायचं नाही, कारण दोडका म्हणजे बहुतेक सगळं पाणीच असतं. स्वतःच्या पाण्यात स्वतःच शिजतो. गरम फोडींतच चिंच दाबून ठेवली, म्हणजे वेगळी भिजवायला नको.

मग कुटणं सुरू झालं. त्याचाही क्रम असतो. आधी मिरच्या, मीठ, तीळ, जिरं. मग चिंच आणि लसूण. मग साली. सगळ्यांत शेवटी गराच्या फोडी, त्यांना चार ठोके पुरेत. उजव्या हाताने बत्ता वर गेला की डाव्या हाताने कडेचं मिश्रण आत सरकवायचं, आणि बत्ता खाली यायच्या आत हात बाहेर. वर, आत, बाहेर, ठक! वर, आत, बाहेर, ठक! भाचीला बघूनच धडकी भरली.

"कच्चापच्चा," नानम्मा म्हणाल्या. म्हणजे जाडसर, अर्धवट कुटलेलं. गंधासारखं बारीक झालं तर ती पच्चडी नव्हेच. दाताखाली साल लागली पाहिजे.

मी विचारलं, "घरात मिक्सर आहे. मग या वयात हे का?"

अक्का हसून म्हणाल्या, "एरवी मीही मिक्सरच लावते हो. पण पाहुणे आले की त्या रोलु सोडत नाहीत." मग नानम्मांनी कुटता कुटता जे सांगितलं, ते तुम्हांला सांगायलाच हवं.

१९७७ साल. नोव्हेंबरची १९ तारीख, शनिवार. नानम्मा तेव्हा नवी सून. घर ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं. भात कापणीला आलेला. बंगालच्या उपसागरातून प्रचंड चक्रीवादळ आलं. समुद्राचं पाणी भिंतीसारखं उठून कृष्णेच्या मुखाकडच्या गावांत शिरलं. दिवीसीमा नावाचा भाग तर पार उद्‌ध्वस्त झाला. सरकारी नोंदीप्रमाणे त्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

नानम्मांचं सगळं घर शेजारच्या पक्क्या घराच्या माडीवर रात्रभर उभं होतं. सकाळी खाली उतरले तर छप्पर नाही, गुडघाभर चिखल, उभं पीक आडवं. पितळी भांडी कालव्यापर्यंत वाहून गेलेली. "पण हा रोलु इथंच होता," त्या म्हणाल्या. "चिखलात बुडलेला, पण जागचा हलला नव्हता. माझ्या सासूने पहिल्यांदा तो धुतला. आम्हांला वाटलं, आता यात कुटायचं काय?"

मदतीचा तांदूळ आला. पण भाजी कुठली यायला? मळ्यांत खारं पाणी भरलेलं. कित्येक दिवसांनी तेनालीकडून कुणीतरी दोडके आणले. घरात माणसं अकरा, दोडके चार. नानम्मांच्या सासूने गर शिजवला तो लहान मुलांना आणि चिखल उपसणाऱ्या माणसांना. साली ठेवल्या झाकून. संध्याकाळी त्या सालींची पच्चडी झाली. त्या दिवशी दोन्ही वेळा भाताबरोबर काहीतरी होतं.

"ही पच्चडी काही वादळाने शिकवली नाही, टीचरम्मा," नानम्मा म्हणाल्या. "माझी आईही करायची. पण साल म्हणजे जेवण, हे मला त्या दिवशी कळलं."

बाई हे मराठीत सांगत होत्या आणि भाची गप्प बसून ऐकत होती. मग तिने हात पुढे केला आणि बत्ता मागितला. नानम्मांनी तिला डावा हात मांडीवर ठेवायला लावला, नुसता बत्ता चालवू दिला, आणि कडेचं मिश्रण स्वतः सरकवत राहिल्या. दोघींचं मिळून ठक, ठक, ठक!

मला मात्र माझी आजी आठवत होती. ती मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या मुलखातली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेली. सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी, टँकरच्या रांगा, सगळं तिच्या तोंडून मी ऐकलंय. तिनेही कधी दोडक्याच्या शिरा फेकल्या नाहीत. तव्यावर तेल टाकून शिरा कुरकुरीत करायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट-मीठ घालून चुरायच्या. झाली शिरांची चटणी! तुमच्याही घरात होत असेल.

एकीकडे पाणी नव्हतं म्हणून, दुसरीकडे पाणी फार झालं म्हणून. एकाच नदीच्या खोऱ्यातल्या दोन आज्या. एकमेकींची भाषा येत नाही, भेट कधी झाली नाही. पण दोघींनी साल राखून ठेवली.

मग दोन चटण्या इतक्या वेगळ्या कशा? याचं उत्तर आहे ताटात. आपल्याकडे भाकरी. ती शिदोरीत बांधून शेतावर न्यायची, म्हणून चटणी कोरडी, आठ दिवस टिकणारी, ताटात डावीकडे चिमूटभर. त्यांच्याकडे गरम भात. कोरडी चटणी भातात कशी कालवणार? म्हणून पच्चडी ओलसर, चिंचेने आंबट, आणि चिमूटभर नाही तर चांगली डावभर! शिवाय ती तोंडी लावणं नव्हे. जेवणाची सुरुवातच तिने होते. पहिला भात पच्चडीशी नाहीतर पप्पूशी, वर तूप. मग चारु, म्हणजे आपल्या सारासारखं. शेवटी दहीभात.

दुपारी नानम्मांनी एका मोठ्या परातीत गरम भात घेतला, त्यात पच्चडी आणि तूप घालून कालवलं आणि भोवती बसलेल्या मुलांच्या हातावर एकेक मुद्द ठेवली. मुद्द म्हणजे मोठा घास, गोळाच. आधी आंबट, मग तीळ, मग मिरचीचा झटका, आणि मध्येच दाताखाली साल! भाचीच्या डोळ्यांत पाणी, पण हात पुन्हा पुढे. तिसऱ्या मुद्देनंतर पोट भरलं तेव्हा बाईंच्या मुलाने तिला सांगितलं, "पुरे म्हणायचं असेल तर 'चालु' म्हण." ती म्हणाली, "चालु म्हटलं तर आणखी वाढतील ना!" पण तेलुगूत चालु म्हणजे पुरे. आता सांगा!

आणि शेवटची गंमत पडवीत झाली. रोलुच्या खळग्यात थोडी पच्चडी चिकटून राहिली होती. नानम्मांनी त्यात मूठभर गरम भात टाकला आणि हाताने सगळीकडून फिरवला. दगड लख्ख पुसला गेला. तो भात खायला घरातल्या सगळ्या मुलांचं भांडण! म्हणे सगळ्यांत चवदार घास तोच. मी चाखला, खरंच आहे.

तर मित्रांनो, ही पच्चडी तुमच्या घरीही होईल. गॅसजवळचं काम आई-बाबांना किंवा ताई-दादाला करू द्या, बाकी तुम्ही करा.

साहित्य (चार माणसांसाठी) : कोवळे दोडके अर्धा किलो, हिरव्या मिरच्या ५ (लहान मुलं असतील तर ३), बोराएवढी चिंच, तीळ २ चमचे, जिरं १ चमचा, लसूण ४ पाकळ्या, तेल ३ चमचे, चवीपुरतं मीठ. फोडणीसाठी मोहरी, उडदाची डाळ १ चमचा, एक सुकी मिरची, हिंग, कढीपत्ता.

कृती : १) दोडके चोळून चोळून धुवा, कारण सालच खायची आहे. प्रत्येक दोडक्याचा बारीक तुकडा कच्चाच चाखून पाहा. कडू लागला तर तो दोडका टाकून द्या. दोडका, दुधी, काकडी या एकाच कुळातल्या भाज्या. त्यांतला कडूपणा शिजवूनही जात नाही आणि पोटाला बाधतो. फेकायचं ते एवढंच!

२) शिरा आणि साल काढून बारीक चिरा. गराच्या दोन मुठी फोडी घ्या, उरलेल्या गराची भाजी करा.

३) तीळ-जिरं कोरडं भाजा. थोड्या तेलात मिरच्या परता. आधी त्यांना चीर द्या, नाहीतर फुटून तेल उडेल. मग साली मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं परता. गराच्या फोडी घालून त्यांचं पाणी आटू द्या. गॅस बंद करून चिंच त्यात दाबून ठेवा.

४) गार झाल्यावर खलबत्त्यात किंवा पाट्यावर, नानम्मांच्या क्रमाने : मिरच्या-मीठ-तीळ-जिरं, मग चिंच-लसूण, मग साली, शेवटी गर. मिक्सर असेल तर एकदम फिरवू नका. क्षणभर चालवा, थांबा, चमच्याने हलवा, पुन्हा चालवा. पाणी घालू नका.

५) वरून फोडणी द्या. उडदाची डाळ लालसर व्हायला हवी, ती दाताखाली छान लागते. त्यांच्या भाषेत फोडणीला म्हणतात तालिंपु.

गरम भात, वर तूप आणि डावभर पच्चडी. ओली असल्यामुळे ती त्याच दिवशी संपवावी; फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. भाकरीशीही झकास लागते, हे आम्ही सोलापुरात करून पाहिलं आहे.

आणि एक घरचा अभ्यास. तुमच्या आजीला विचारा, "आजी, तू कुठल्या भाजीचं काय काय टाकत नव्हतीस?" फ्लॉवरचे दांडे, कोथिंबिरीच्या काड्या, कलिंगडाचा पांढरा भाग, भोपळ्याच्या बिया... यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, आजीला ते कुणी शिकवलं आणि तेव्हा घरात माणसं किती होती. यादीतली एक तरी गोष्ट या रविवारी घरी करून बघा. उखळ, पाटा, खलबत्ता, जे असेल ते वापरा, आणि शेवटी त्यात मूठभर गरम भात फिरवायला विसरू नका!